दुसऱ्या खेपेची एमी

पहिली कादंबरी लिहिताना लेखकाच्या गाठीशी आधीचं सगळं आयुष्य असतं. दुसरीसाठी जेमतेम दोन-तीन वर्षं. पहिल्या खेपेला जुनी ठेव मोडता येते, दुसऱ्या खेपेला चालू उत्पन्नावर भागवावं लागतं. (बँकेतली सवय, दुसरं काय!) म्हणून कुणाही तरुण कलावंताची दुसरी कृती मी जरा बेतानंच हाती घेतो.

लंडनची पॉप गायिका एमी वाइनहाउस हिच्या बाबतीत हा बेत पार उधळला गेला. २००३ चा तिचा पहिला अल्बम 'फ्रँक'. वीस वर्षांच्या मुलीचा वाटू नये इतका पिकलेला आवाज. गाणी मात्र जॅझच्या वळणानं रेंगाळणारी, बोलघेवडी. २००६ च्या 'बॅक टू ब्लॅक'मध्ये अकरा गाणी, आणि सगळी मिळून पस्तीसेक मिनिटं. तीन वर्षांत एवढी काटछाट करायला ही पोर कुठं शिकली?

संगीताचा बाज १९६० च्या दशकातल्या अमेरिकन गाण्यांचा. शब्द मात्र आजचे, उघडेवाघडे, प्रसंगी शिवराळ. व्यसनमुक्ती केंद्रात जायला साफ नकार देणाऱ्या 'रिहॅब'चा ठेका तर असा, की वरातीतल्या बँडवाल्यांनीही उचलावा. 'टिअर्स ड्राय ऑन देअर ओन'मध्ये तिनं अ‍ॅशफर्ड आणि सिम्पसन यांच्या 'एन्ट नो माउंटन हाय इनफ' या आश्वासक प्रेमगीताचं संगीत पाठीशी घेतलं आणि त्यावर मोडलेल्या नात्याचं गाणं रचलं. पाय ताल धरतात, कान थबकतात. आणि 'यू नो आय अ‍ॅम नो गुड'मध्ये प्रतारणा करणारी ती स्वतःच! स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा निवेदक कादंबरीतही सहसा सापडत नाही.

२००८ मध्ये तिला पाच ग्रॅमी मिळाले. २३ जुलै २०११ रोजी, सत्ताविसाव्या वर्षी, दारूच्या अतिसेवनानं ती गेली. तेव्हापासून ही गाणी लोक वैद्यकीय अहवालासारखी ऐकतात. मला ते मंजूर नाही. नशेत माणूस बडबडतो. गाण्यातली फालतू ओळ खोडायला शुद्धीवरचा हात लागतो. तो हात या पस्तीस मिनिटांत जागोजाग दिसतो, आणि त्याचं श्रेय तिच्या व्यसनाला देणं हा तिच्यावरचा अन्याय आहे.

तिसरा अल्बम तिच्या हयातीत झालाच नाही. मागे राहिलेल्या गाण्यांचा 'लायनेस' २०११ च्या डिसेंबरात निघाला. तो मी एकदाच ऐकला. 'बॅक टू ब्लॅक' अजून सकाळी दाढी करताना लावतो. घरच्यांची तक्रार आहे, पण ती एमीच्या गाण्याबद्दल नाही, तिच्याबरोबर मी गातो त्याबद्दल आहे.