माद्रिदमध्ये कोण ‘गिरी’, कोण ‘सुदाका’

हैदराबादेत स्पॅनिशच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात ‘मी अमुक देशाचा’ असं सांगायचा सराव होता. जर्मन, जपानी, ब्राझिलियन झाले. माझी पाळी आली. पुस्तकात भारतीयासाठी शब्द छापला होता, ‘इंदू’. कानाला इंदू मिलसारखा वाटला म्हणून क्षणभर बरं वाटलं. मग स्पेलिंग पाहिलं. सुरुवातीला ‘ह’ आहे, फक्त स्पॅनिशमध्ये तो उच्चारत नाहीत. म्हणजे हिंदूच. मी म्हटलं, मी बौद्ध आहे. मॅडम म्हणाल्या, धर्म नाही विचारला, देश विचारला.

त्यांचं चुकलं नव्हतं. 1492 मध्ये कोलंबस अमेरिकेजवळच्या बेटांवर उतरला आणि आपण भारताकडे पोचलो असं समजून तिथल्या लोकांना ‘इंदिओ’ म्हणाला. तो शब्द तिकडे अडकला. भारतातल्या माणसासाठी बोलण्यात ‘इंदू’ रुळला. स्पॅनिश अकादमीच्या शब्दकोशातही ‘भारताचा रहिवासी’ हा त्याचा अर्थ दिलेला आहे. आजोबांनी 1956 साली नागपुरात जे सोडलं, ते नातवाच्या गळ्यात माद्रिदला उतरल्यावर पुन्हा पडणार.

तेव्हापासून स्पॅनिश बोलणारे परक्या माणसाला काय काय म्हणतात, हे मी वहीत लिहून ठेवतो. स्पेनच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात इंग्लंड-जर्मनीहून येणारा, सँडलमध्ये मोजे घालणारा, उन्हानं लालबुंद झालेला पर्यटक म्हणजे ‘गिरी’. या शब्दात थट्टा आहे, पण त्याला खुर्ची आधी मिळते. बोलिव्हिया, पेरू, इक्वेडोरहून आलेली बाई मात्र ‘सुदाका’. ती माद्रिदमधल्या म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, त्यांचीच भाषा बोलते, बहुतेक वेळा त्यांच्याच चर्चमध्ये जाते, तरी सुदाका. मोरोक्कोचा शेतमजूर ‘मोरो’. परके तिघेही आहेत. शब्दाचा विखार मात्र कोण पैसे खर्च करायला आलंय आणि कोण कमवायला, यावर ठरतो.

(‘ग्रिंगो’ची गंमत वेगळी. अमेरिकी सैनिकांच्या हिरव्या गणवेशावरून तो शब्द आला, ही गोष्ट अनेक जण सांगतात. पण 1846 च्या मेक्सिको-अमेरिका युद्धाआधीच, 18व्या शतकातल्या स्पॅनिश शब्दकोशात तो आहे. बहुधा ‘ग्रिएगो’, म्हणजे ग्रीक, यावरून आला असावा. न समजणारी भाषा बोलणारा तो ग्रिंगो.)

आता खाली उतरा. माद्रिदमध्ये ‘सुदाका’ ऐकून घेणारा अर्जेंटिनाचा माणूस घरी बोलिव्हियाच्या मजुराला ‘बोलिता’ म्हणतो आणि पॅराग्वेच्या मोलकरणीला ‘पाराग्वा’. एकाचा अर्थ गोटी, दुसऱ्यात छत्रीवरचा श्लेष. आणि ज्या स्पेनमधून आज ‘सुदाका’ फेकला जातो, तिथलेच गरीब लोक शंभर वर्षांपूर्वी बोटी भरून ब्युनोस आयर्सला गेले होते. तिथे ते सगळे ‘गायेगो’ झाले, मंदबुद्धी गायेगोचे विनोद झाले. व्हेनेझुएलात तेलाचा पैसा होता तेव्हा कोलंबियाचे लोक तिकडे कामाला जात. आता 70 लाखांहून अधिक लोक व्हेनेझुएला सोडून गेलेत आणि बोगोटापासून लिमापर्यंत ते ‘वेनेको’ झालेत. प्रत्येकाच्या वर कुणीतरी आहे आणि प्रत्येकाला खाली ढकलायला कुणीतरी हवंय. श्रेणीबद्ध विषमता हा शब्द बाबासाहेबांनी जातीसाठी वापरला. वही लिहिताना तो माझ्या डोक्यातून जात नव्हता.

व्हॅलेन्सियाच्या तत्त्वज्ञ आदेला कोर्तिना यांनी याला नाव दिलं, ‘आपोरोफोबिया’, गरिबाचा तिटकारा. 2017 मध्ये तो स्पॅनिशमधला वर्षाचा शब्द ठरला. त्यांचं म्हणणं, आपल्याला परका नकोसा नसतो, गरीब परका नकोसा असतो. श्रीमंत शेखाला कुणी हाकलत नाही. अर्धं पटतं. पण 21 मे 2023 ला त्यांच्याच व्हॅलेन्सियातल्या मैदानात रियाल माद्रिदच्या विनिसियस ज्युनियरला प्रेक्षकांनी ‘मोनो’, म्हणजे माकड, म्हटलं. तो ब्राझीलचा, काळा, आणि तिथल्या बहुतेक प्रेक्षकांपेक्षा कितीतरी श्रीमंत. पुढच्या वर्षी कोर्टानं तिघांना आठ महिन्यांची शिक्षा दिली, एवढं तरी झालं. ‘आता जात कुठे राहिलीय, गरिबी हाच खरा प्रश्न’ हे कॉलेजात ऐकलेल्यांना कोर्तिनाबाईंच्या सिद्धांतातली फट लगेच दिसेल. पगार वाढला की हिणवणं थांबतं, असा अनुभव आपल्यापैकी किती जणांचा आहे?

आपल्यातले बरेच जण स्कॉलरशिपवर बाहेर जाताना मनात म्हणतात, तिथे निदान आडनाव कळणार नाही. खरंय, नाही कळणार. पण आपण ‘इंदू’ असू, आणि शेजारच्या खोलीतला बोलिव्हियाचा मुलगा ‘सुदाका’. आपले काही सवर्ण मित्र तिथे पोचल्यावर आठवड्याभरात तो शब्द शिकतात आणि हसत वापरतात, हे मी पाहिलंय. आपणही हसलो, तर मग तक्रार कशाची करायची?

पुढच्या वर्गात मी पुस्तकातला शब्द टाळून म्हटलं, ‘सोय दे ला इंदिया’, मी भारतातला. मॅडमनी वाक्य बरोबर आहे म्हणून मान हलवली आणि पुढच्या बाकाकडे वळल्या.