प्रतिपिंडांची पारख

कवठे महांकाळच्या एखाद्या द्राक्षबागेत राबणाऱ्या मजुराला घोणस चावली असता त्याचे प्राण ज्या सर्पदंशाच्या लसीवर अवलंबून असतात, तिचे सारे सामर्थ्य घोड्याच्या रक्तात निर्माण झालेल्या प्रतिपिंडांत असते. आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषांसाठीच ती सिद्ध केलेली असल्यामुळे, ती कामास आली की नाही याचा निकाल रुग्णाच्या खाटेपाशी लागल्यावाचून राहत नाही. प्रयोगशाळेतील प्रतिपिंडांना अशी कसोटी आपोआप लागत नाही. म्हणूनच ती बुद्धिपुरस्सर लावली पाहिजे; पेशीतील प्रथिनांवरच्या रासायनिक खुणा शोधणाऱ्या प्रतिपिंडांवरून हे स्पष्ट होते.

पेशीतील डीएनए ज्या हिस्टोन नामक प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांतील लायसिन या अमिनो आम्लावर ॲसिटिल गट चढला म्हणजे लायसिनचा धन विद्युत्भार लोपतो, डीएनएवरील पकड सैल होते आणि जनुकांचे कार्य सुकर होते. हा संबंध व्हिन्सेंट ऑलफ्री व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली सुचविला. आज खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या कर्करोग-संशोधनसंस्थांतही हिस्टोनवरील अशा खुणांचा अभ्यास चालतो.

अवघ्या ४२ डाल्टन वजनाची ही ॲसिटिल गटाची खूण शोधण्यासाठी बहुधा सशांपासून मिळविलेली प्रतिपिंडे वापरतात. परंतु एच३ हिस्टोनमधील नवव्या आणि सत्ताविसाव्या लायसिनलगतची अमिनो आम्ले सारखीच असल्याने, एकासाठी घडविलेले प्रतिपिंड दुसऱ्यासही चिकटू शकते, आणि प्रतिपिंडांनी प्रथिन ओळखण्याच्या ‘ब्लॉट’ या चाचणीत उमटलेला चुकीचा पट्टाही खऱ्याइतकाच ठळक दिसतो. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत हिस्टोनवरील खुणांसाठीच्या दोनशेहून अधिक प्रतिपिंडांपैकी पाव हिश्शाहून अधिक विशिष्टतेच्या कसोटीस उतरली नाहीत.

पारख दुःसाध्य नाही. ॲसिटिल गट काढणाऱ्या विकरांना रोखणारे ट्रायकोस्टॅटिन पेशींना दिले असता पट्टा गडद व्हावा; लायसिनच्या जागी आर्जिनिन घातले असता तो नाहीसा व्हावा; ॲसिटिलयुक्त पेप्टाइड प्रतिपिंडात आधीच मिसळले असता तो लोपावा आणि ॲसिटिलविरहित पेप्टाइडने मात्र तसाच राहावा. ससा मेल्यावर त्याचे तेच रक्तद्रव पुन्हा लाभत नाही, म्हणून प्रत्येक नव्या बॅचची तपासणी नव्यानेच झाली पाहिजे.

यासाठी लागणारा पैसा आणि वेळ लहान विभागांना परवडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर पारख टाळण्यात नसून तिचा खर्च वाटून घेण्यात आहे. कवठे महांकाळसारख्या आमच्या दुष्काळी तालुक्यांतील मुले उच्च शिक्षणासाठी ज्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जातात, त्यासारख्या विद्यापीठांत पारखलेल्या प्रतिपिंडांचे सामाईक भांडार असावे, आणि फसलेल्या बॅचची नोंदही दप्तरी राहावी. संशोधनास मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यांनी अनुदानातच या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी आणि तपासणीचा दाखला जोडल्यावाचून अहवाल स्वीकारू नये. जनतेच्या पैशातून निघालेल्या निष्कर्षांवर उद्याची औषधे उभी राहणार असतील, तर त्यांचा पाया आजच तपासणे हे संशोधकाइतकेच शासनाचेही कर्तव्य आहे.