आठेच तं जानं शे

पारोळ्याच्या अलीकडे महामार्गाच्या कडेला दिवेलागणीला तासभर उभं राहिलं की एक गोष्ट लख्ख दिसते. मागे बॅग बांधून सुरतेकडे किंवा नागपूरकडे निघालेल्या मोटारसायकलवाल्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा हेल्मेट असतं. शेतातून घरी, गावातून बाजाराला, कॅन अडकवून डेअरीवर निघालेल्या माणसाच्या डोक्याला मात्र रुमाल गुंडाळलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "भाऊ, आठेच तं जानं शे." म्हणजे, इथेच तर जायचंय.

राजदूतचा जमाना होता तेव्हा हेच ऐकलं, स्प्लेंडर घरोघरी आली तेव्हाही हेच, आणि आता सहा नंबरचा दुपदरी हायवे त्रेपन्न नंबरचा चौपदरी झाला तरी तेच ऐकतो. उभी हयात मोटारसायकलवर काढलेला माणूस म्हणून मला याच्या अगदी उलट सांगायचंय. हेल्मेटची गरज आधी जवळ जाणाऱ्याला आहे, लांब जाणाऱ्याचा नंबर त्यानंतर.

लांब जाणारा एका दिशेने, एका लेनमध्ये, वाहत्या गाड्यांबरोबर चाललेला असतो. त्याचं लक्ष रस्त्यावर असतं, कारण त्याला रस्ता कापायचा असतो. जवळ जाणारा रस्ता ओलांडतो. तो शिवाररस्त्यावरून एकदम डांबरावर चढतो, मागे बायको, पुढे टाकीवर पोर, हँडलला पिशवी, आणि डोक्यात घरी पोचल्यावर करायची कामं. त्याचा वेग तीस-चाळीसचा आणि मागून येणाऱ्या ट्रकचा सत्तर-ऐंशीचा. ताशी ऐंशीने चाललेलं वाहन एका सेकंदात बावीस मीटर पुढे जातं. ड्रायव्हरला मोटारसायकल दिसेपर्यंत आणि त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तेवढा रस्ता संपलेला असतो.

4 जुलै 2023 ला शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ कंटेनर वाहनांना उडवत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. ती बातमी देशभर झाली, व्हायलाच हवी होती. पण आपल्या जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत मोटारसायकलवर मरणारा माणूस एकेकटा मरतो. आतल्या पानावर चार ओळी येतात, त्यात गावाचं नाव, वय, आणि 'अज्ञात वाहनाच्या धडकेत'. त्या चार ओळींची बेरीज कुणी करत नाही, म्हणून तो आकडा भिववत नाही. देशाची बेरीज केंद्रीय परिवहन मंत्रालय करतं. 2022 या एका वर्षात भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, आणि त्यातले 14 हजारांवर मागे बसलेले होते. मागे बसलेले म्हणजे कोण, हे आपल्याकडे वेगळं सांगायला नको. आई, बायको, बहीण, शाळेतलं पोर.

मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालाही. तरीही घरात एकच हेल्मेट असतं आणि ते चालवणाऱ्याचं असतं. मागची बाई एका बाजूला पाय सोडून बसलेली, एका हाताने सीट धरलेली, दुसऱ्या हाताने मांडीवरचं मूल सावरलेली. गाडी नुसती गचकली तरी आधी ती पडणार. तिचा पदर किंवा ओढणी मागच्या चाकात जाऊ नये म्हणून साडी गार्ड असतं. नवीन गाडी घेतली की पोरं पहिल्यांदा काय काढून टाकतात, तर साडी गार्ड आणि आरसे. का, तर गाडी 'मोकळी' दिसते म्हणून. मला या एका गोष्टीचा फार संताप येतो. गॅरेजवाल्यांना माझी विनंती आहे की हे काम करूच नका. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ द्या.

आता ब्रेकचं सांगतो, कारण त्याबद्दल खानदेशात एक समजूत घट्ट बसलेली आहे. 'पुढचा ब्रेक मारू नको, गाडी तोंडावर पडते' हे बापाने पोराला सांगितलेलं असतं आणि त्याच्या बापाने त्याला. काही जण तर मेकॅनिकला सांगून पुढच्या ब्रेकची केबल ढिली करून घेतात. खरी गोष्ट अशी की ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं आणि नुसत्या मागच्या ब्रेकवर ते घसरत जातं. गाडी थांबवण्याचं निम्म्याहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो एकदम आवळायचा नसतो. गाडी सरळ ठेवून, आधी हलका आणि मग जोर वाढवत दाबायचा, जोडीला मागचा. मोकळ्या मैदानात चाळीसच्या वेगाने चार वेळा करून पाहिलं की हाताला कळतं. सरकारलाही हे कळलेलं आहे. एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले येऊ लागले आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएस. पण गावागावांत धावणाऱ्या जुन्या गाड्यांना यातलं काही नाही. त्यांना फक्त चालवणाऱ्याचा हात आहे.

त्या हाताची परीक्षा पहिल्या पावसाला होते. आपली काळी माती ट्रॅक्टरच्या टायरांना चिकटून शेतातून डांबरावर येते. कोरडी असते तोवर धूळ, पण पाच मिनिटांची बारीक सर पडली की डांबरावर लोण्यासारखा थर बसतो. मोठ्या पावसात तो धुऊन जातो, धोका त्या बारीक सरीचाच. फाट्यापाशी डांबराचा रंग बदललेला, मातकट दिसला की वेग आधीच उतरवायचा. त्या थरावर आल्यावर ना ब्रेक, ना वळण. एरंडोल आणि पारोळ्याच्या दरम्यान असे फाटे कुठे आहेत ते रोज जाणाऱ्याला पाठ असतात. बाहेरून आलेल्याला ते कुठलाच फलक सांगत नाही.

इथे मी रस्ता बांधणाऱ्यांकडे वळतो. चौपदरीकरणात तरसोद ते चिखली हा टप्पा आधी उरकला, फागणे ते तरसोद रखडत रखडत झाला, आणि या सगळ्या काळात खड्ड्यांनी आणि वळवलेल्या रस्त्यांनी दुचाकीवाल्यांचे बळी घेतले. रस्ता गुळगुळीत झाल्यावर प्रश्न संपायला हवा होता, पण त्याचं रूप बदललं. घर रस्त्याच्या एका बाजूला आणि शेत दुसऱ्या बाजूला, मध्ये दुभाजक, आणि वळायला जागा लांब. मग माणूस राँग साइडने कडेकडेने येतो. राँग साइडने येणं चूकच आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. पण रोज चारदा जाणाऱ्या माणसाने दरवेळी लांबचा वळसा घालावा, असं धरून जो रस्ता आखला गेला, तो आखणाऱ्याने त्या माणसाकडे पाहिलेलंच नाही. जिथे शिवार दोन्ही बाजूंना आहे तिथे मोटारसायकल आणि बैलगाडी जाईल एवढा भुयारी मार्ग हवा, नाहीतर पुढच्या पुलापर्यंत सलग सर्व्हिस रोड हवा. जळगावकर शहरातल्या समांतर रस्त्यांसाठी वर्षानुवर्षं भांडले ते याचसाठी. खोटेनगरपासून अजिंठा चौफुलीपर्यंत शाळेत जाणारी पोरं आणि ओव्हरलोड डंपर एकाच डांबरावर चालवणं हा शुद्ध अन्याय होता. धुळ्यात पाहा, एकेकाळचा महामार्ग असलेला आग्रा रोड आज बाजारपेठ आहे आणि जड वाहनं गावाबाहेरून जातात. जुना महामार्ग गावाला परत मिळाला की माणूस पुन्हा सायकलच्या वेगाने चालू शकतो. जळगावसाठी पाळधीहून तरसोदकडे बाह्यवळण काढलं ते त्याच वाटेने जाणारं पाऊल आहे. पण पाळधीपुढच्या गावांना बाह्यवळणाचा काय उपयोग?

आता पुन्हा हेल्मेटकडे. त्याविरुद्धचा एकच युक्तिवाद मला खरा वाटतो, तो उन्हाचा. एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसवर गेला की हेल्मेटच्या आत डोकं शिजतं. यावर मी स्वतः करतो ते सांगतो. सुती रुमाल ओला करून, घट्ट पिळून डोक्याला बांधायचा आणि वर पांढरं किंवा फिकट रंगाचं, हवेला भोकं असलेलं हेल्मेट. काळं घ्यायचंच नाही. जमेल तेवढी कामं सकाळी नवाच्या आत. पट्टा मात्र लावलेलाच हवा, हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा. न लावलेल्या पट्ट्याचं हेल्मेट धडकेत माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं. आणि घ्यायचं ते आयएसआय शिक्क्याचं. त्याशिवायची दुचाकीची हेल्मेट बनवायला आणि विकायला 1 जून 2021 पासून बंदी आहे. तरी रस्त्याकडेला दोरीवर टांगलेली मिळतात. ती अंगठ्याने दाबून पाहा, आतला थर्माकोल बोटभरही नसतो.

शेवटी, येणाऱ्या हंगामाचं. पोळा झाला. दसऱ्याच्या आगेमागे कापूस वेचणी जोर धरेल आणि जिनिंगच्या वाटेला दोन्ही बाजूंनी फुगलेल्या ट्रॉल्या लागतील. रात्री त्यांचा मागचा दिवा कापसाच्या जाळीआड दडलेला असतो, किंवा मुळात नसतोच. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला अंधारात ती ट्रॉली दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. साखर कारखाने गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना आणि बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावून देतात. जिनिंगवाल्यांनी हेच करावं. पहिल्या खेपेला ट्रॉली वजनकाट्यावर आली की मागच्या फळीला आणि दोन्ही कोपऱ्यांना तांबडं रेडियम चिकटवून मगच पावती द्यावी. खर्च ट्रॉलीमागे किलो-दोन किलो कापसाएवढाही नाही. जळगाव आणि धुळ्याच्या आरटीओंनी आणि बाजार समित्यांनी जिनिंग मालकांची बैठक या महिन्यातच बोलवावी. वेचणी सुरू झाल्यावर कुणालाच वेळ नसतो.