सत्तेविना कर्तृत्व

कायदे सरकारने करायचे आणि विरोधकांनी फार तर सभात्याग करायचा, असा समज संसदीय लोकशाहीत घट्ट रुजला आहे. हा समज किती फोल आहे, हे कॅनडाचे दिवंगत खासदार स्टॅन्ली नोल्स यांच्या कारकिर्दीवरून कळते. १९४२ ते १९५८ आणि पुन्हा १९६२ ते १९८४ एवढा काळ ते विनिपेग नॉर्थ सेंटरचे प्रतिनिधी होते. त्यांचा पक्ष केंद्रात एकदाही सत्तेवर आला नाही. तरीही कॅनडातील वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा इतिहास नोल्स यांना वगळून लिहिता येणार नाही.

वारसाही तसाच होता. याच मतदारसंघाचे आधीचे खासदार जे. एस. वूड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स हे अवघे दोन मजूर खासदार. १९२६ मध्ये अल्पमतातील पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना त्यांच्या मतांची गरज पडली, तेव्हा दोघांनी वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचे लेखी आश्वासन पदरात पाडून घेतले. १९२७ मध्ये कायदा झाला. पण महिन्याला जेमतेम २० डॉलर, तेही सत्तरी ओलांडलेल्या गरजूंना आणि उत्पन्नाची चौकशी करून. नोल्स सभागृहात आले ते ही रक्कम वाढावी आणि म्हाताऱ्या माणसांची ही अवहेलना थांबावी, असा आग्रह धरून. वर्षानुवर्षे त्यांनी तो सोडला नाही. १९५२ पासून सत्तरीपुढच्या नागरिकांना उत्पन्नाची अट न लावता निवृत्तिवेतन मिळू लागले. पुढे वयाची अट ६५ वर आली आणि रक्कम महागाईशी जोडली गेली.

पेशाने मुद्रक आणि धर्मोपदेशक असलेल्या या माणसाचे बळ होते कामकाजाच्या नियमांवरील प्रभुत्वात. १९५६ मध्ये गॅसवाहिनीचे विधेयक रेटण्यासाठी सरकारने प्रत्येक टप्प्यावर चर्चा गुंडाळली, तेव्हा नोल्स यांनी नियमांच्या आधारे सरकारला कलमाकलमावर अडवले. विधेयक संमत झाले. पण वर्षभरात २२ वर्षांची लिबरल राजवट मतदारांनी संपवली. नवे पंतप्रधान डीफेनबेकर यांनी नोल्स यांना सभापतिपद देऊ केले. ते घेतले असते तर मानमरातब मिळाला असता, पण बाकावरून भांडण्याचा हक्क गेला असता. त्यांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी डीफेनबेकर यांच्या लाटेत ते पराभूत झाले, तरी १९६२ मध्ये जनतेने त्यांना परत पाठवले. १९८४ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा ज्या लिबरल पक्षाशी ते वर्षानुवर्षे भांडले त्याच पक्षाचे पंतप्रधान पिअर ट्रुडो यांनी त्यांना सभागृहात सचिवांच्या मेजाशी तहहयात मानाची जागा दिली.

खासदाराचे मूल्यमापन मंत्रिपदांवरून करण्याची सवय मतदारांनी आणि पत्रकारांनीही सोडायला हवी. त्याने कोणता प्रश्न हाती घेतला, किती वर्षे लावून धरला आणि त्यातून कोणाच्या हातात काय पडले, हे विचारले पाहिजे. पक्षांनीही तिकीट देताना अभ्यासू माणूस शोधावा आणि निवडून आल्यावर त्याला बोलू द्यावे. विरोधी बाकांवर असे खासदार असतील, तरच सत्ता कोणाचीही असो, दुबळ्यांना संसदेत वाली राहील.