तारीख नसलेलं उत्तर

सप्टेंबर २०२५ मध्ये मांजरा आणि तेरणेचं पाणी शेतांत शिरलं, तेव्हा लातूरच्या माझ्या सेवा केंद्रावर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता. ‘ताई, फोटो काढून आणलेत बघा. बहात्तर तासांच्या आत टाकावं लागतेत म्हणं. कुठं टाकावं?’ फोटोत सोयाबीन पाण्याखाली, वर आलेल्या शेंगांना मोड फुटलेले. नियम त्यांनी मनानं रचलेला नव्हता. नुकसान झालं की ७२ तासांत विमा कंपनीला कळवा, हे आम्ही केंद्रचालकांनी आणि कृषी सहायकांनीच वर्षानुवर्षं त्यांच्या कानीकपाळी ओरडून सांगितलेलं.

पण त्या खरिपात तो नियम उरला नव्हता. एक रुपयातला पीक विमा २०२३ साली सुरू झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो गुंडाळला. खरिपाच्या धान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा दोन टक्क्यांपर्यंत गेला. स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान या जोखमी वगळल्या आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. हप्ता वाढला हे गावोगाव कळलं, कारण तो खिशातून जातो. जोखमी वगळल्या हे कळायला पूर यावा लागला. एका तरुणानं तर मला मोबाइलच पुढं केला. एका विमा कंपनीचं मदतीचं पान, वर ठळक अक्षरांत ‘७२ तासांत कळवा’. पान कधी लिहिलं, कोणत्या हंगामासाठी, याचा पत्ता नाही. त्याच कंपनीच्या बातम्यांच्या पानावर नवा नियम व्यवस्थित छापलेला होता. पण शेत बुडालेला माणूस बातम्या वाचायला कशाला जाईल? तो ‘मदत’ असं लिहिलंय तिथंच बोट ठेवणार.

माझं म्हणणं एवढंच आहे की कंपनीकडे असलेली ताजी सूचना मदतीच्या पानाच्या माथ्यावर, तारखेसकट, आपोआप यायला हवी. यात तांत्रिक अवघड काही नाही. रोज सेवा केंद्र बंद केल्यावर मी ठिबक संच विकणाऱ्या एका कंपनीची साइट सांभाळते, म्हणून हे सांगू शकते. बातम्यांच्या पानाला एक फीड असतो. त्यात प्रत्येक नोंदीचं शीर्षक, तारीख, दुवा असा ऐवज. हा आरएसएस नावाचा प्रकार १९९९ पासून आहे. २०१३ मध्ये गूगलनं फीड वाचायचा आपला ‘रीडर’ बंद केला तेव्हा लोकांनी आरएसएसलाच मूठमाती दिली, पण आजही बहुतेक पॉडकास्ट त्याच्यावरच चालतात. मदतीच्या पानावर एक चौकट टाकायची, तिला फीडचा पत्ता द्यायचा, ताज्या पाच नोंदी दाखव म्हणायचं. बातमी एकदाच लिहायची, दोन्हीकडे दिसते.

खरी कुस्ती पुढं असते. आमच्या कंपनीच्या मार्केटिंगवाल्यांनी हट्टानं सगळाच्या सगळा फीड जोडायला लावला. पाडव्याला काय झालं? मदतीच्या पानावर सर्वात वर गुढीचं चित्र आणि शुभेच्छा, त्याखाली कृषी प्रदर्शनातल्या स्टॉलचा फोटो, त्याखाली कुठलासा पुरस्कार. फिल्टरच्या जाळीचा आकार बदललाय, जुनी जाळी नव्या संचाला बसणार नाही, ही कामाची एकमेव सूचना सहाव्या नंबरवर, म्हणजे चौकटीच्या बाहेर. दुकानदारांचे फोन यायला लागले तेव्हा कुठं ‘सेवा-सूचना’ असा वेगळा वर्ग करायला परवानगी मिळाली. आता फक्त त्याच वर्गाचा फीड जोडलेला आहे. नोंद कशाची व्हावी याची माझी कसोटी सोपी आहे. जे वाचून शेतकऱ्याला आज काही वेगळं करावं लागेल, ते सूचना. बाकी सगळं मिरवणं. मिरवायला हरकत नाही, पण जागा वेगळी.

कंपन्यांकडे एक उत्तर तयार असतं, ‘आम्ही एसएमएस पाठवतो.’ पाठवतात, खरंय. पण अर्जावर नंबर कुणाचा असतो ते आमच्या काउंटरवर बसून बघा. कित्येक अर्जांवर मुलाचा नंबर, आणि मुलगा हिंजवडीला. काही अर्जांवर तर चक्क केंद्रचालकाचाच. शिवाय आलेला एसएमएस लोन आणि रमीच्या गर्दीत शोधणार कोण? पान जागेवर असतं. शेतकरी बघेल, त्याचा मुलगा पुण्यात बसून बघेल, मीही बघेन. हल्ली तर लोक चॅटबॉटला विचारतात, आणि तोही हीच पानं वाचून बोलतो. पानावर तारीख नसेल तर तो गेल्या वर्षीचं उत्तर तितक्याच ठामपणे देईल.

लातूरच्या बाजार समितीकडे बघा. सोयाबीनचा सौदा निघाला की तारीख, आवक, किमान, कमाल, सर्वसाधारण दर असा हिशोब त्याच दिवशी मोबाइलवर फिरतो. शेतकरी लगेच ताडून बघतो, हमीभाव किती (२०२५-२६ ला ५,३२८ होता) आणि हातात पडतंय किती. बिनतारखेचा भाव कुणी सांगितला तर आडत्यासमोर त्याची टिंगल होईल. मग विमा कंपनीचं उत्तर बिनतारखेचं का चालवून घ्यायचं?

प्रश्न २०२५ पुरताही नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून रानटी जनावरांनी केलेली नासधूस आणि पाण्याखाली गेलेला भात यांना विम्यात जागा मिळेल, आणि ७२ तासांत फोटोसह कळवायचं. भात आपल्याकडे नसल्यासारखाच, पण रानडुकरांनी औसा-निलंग्याकडं उच्छाद मांडलाय. जनावरं कोणती, जिल्हे किंवा विमा घटक कोणते, हे ठरवणं राज्याकडे आहे. म्हणजे बहात्तर तासांचा आकडा पुन्हा कानावर येणार, आणि कोणत्या नुकसानीला तो लागतो याचा घोळही. ज्या कंपनीकडे लातूर जिल्हा असेल तिनं अर्जाची खिडकी उघडण्याआधी मदतीच्या पानावर मराठीत एक नोंद टाकावी. वर तारीख, मग हंगाम, मग विमा घटकांची नावं, मग ‘रानडुक्कर: लागू’ किंवा ‘लागू नाही’. आणि खाली पडलेली जुनी ७२ तासांची नोंद त्याच दिवशी काढून टाकावी.