बोट ठरवण्याआधी एवढं विचारा

सुट्टीत सगळं कुटुंब एकत्र आणायचं, तर केरळातल्या अलेप्पीच्या वेंबनाड सरोवरावरच्या हाउसबोटीसारखी जागा नाही, असं माझं ठाम मत आहे. खिळा न ठोकता, काथ्याने फळ्या शिवून बांधलेल्या भातवाहू केट्टुवळ्ळमचं हे आजचं रूप. रात्री पाण्यात कोळ्यांची जाळी असतात, म्हणून संध्याकाळीच बोट काठाला लागते. मग आत्या, काका, भाचरं सगळी एकाच डेकवर. करिमीन माशाचे काटे काढून देता देता आत्या वाड्यातल्या बाळंतपणांच्या, भांडणांच्या गोष्टी सांगते आणि मुलं चक्क ऐकतात. घरी हे घडत नाही.

पण त्या पाण्याचं काय? वेंबनाड २००२ पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. कुट्टनाडच्या भातशेतीत खारं पाणी शिरू नये म्हणून सरोवरावरच्या तण्णीरमुक्कम बंधाऱ्याची दारं डिसेंबरच्या सुमारास बंद होतात, ती उन्हाळ्यातच उघडतात. तोवर भरती-ओहोटी आतलं पाणी धूत नाही. त्यात आपल्या संडासांची भर!

म्हणून एसीची चौकशी करण्याआधी मी बोटमालकाला विचारते, ‘मैल्याची टाकी कुठे रिकामी करता?’ उत्तर गुळमुळीत आलं, तर दुसरी बोट बघते. महाराष्ट्रातून जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने हे विचारायलाच हवं.