दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती कशाला?

सोमवारी सकाळी ऑफिसात लॉगिन करायला जावं आणि स्क्रीनवर झळकावं, 'तुमच्या पासवर्डची मुदत संपली आहे'. मग आपण काय करतो? शेवटचा आकडा बदलतो. 'पुणे@४'चं 'पुणे@५' होतं. नियम पाळला गेला, सुरक्षा मात्र होती तिथेच!

हा नियम येतो कुठून?

लिनक्स सर्व्हरवर पासवर्ड जसाच्या तसा साठवत नाहीत. त्यापासून गणिताने तयार केलेला 'हॅश' 'शॅडो' नावाच्या फाइलमध्ये असतो. सामान्य युजरला ही फाइल उघडता येत नाही. पासवर्ड कधी बदलला आणि तो किती दिवस चालेल, हेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ही मुदत मुळात ९९,९९९ दिवस असते, म्हणजे सुमारे २७३ वर्षं. तिथे ९० हा आकडा अ‍ॅडमिन टाकतो.

तज्ज्ञ काय सांगतात?

'निस्ट' ही अमेरिकेतली मानकं ठरवणारी सरकारी संस्था. कारण नसताना ठराविक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, असं तिने २०१७ मध्ये सांगितलं. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल, तर मात्र तो लगेच बदलायला लावा. तिच्या जुन्या नियमावलीचे लेखक बिल बर यांनीही त्याच वर्षी आपल्या जुन्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला.

खरा धोका कुठे?

आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये 'रूट'चा, म्हणजे मुख्य खात्याचा, एकच पासवर्ड सगळ्यांना पाठ होता. आम्ही पास होऊन बाहेर पडलो, तरी दोन बॅचनंतरचा ज्युनिअर तोच सांगत होता! कंपन्यांतही नोकरी सोडून गेलेल्यांची खाती अशीच चालू राहतात.

९० दिवसांची मुदत इथे कामाची नाही. मुदत संपली, तरी वेगळी सेटिंग नसेल तर जुना पासवर्ड टाकून नवा ठेवता येतो. म्हणजे सोडून गेलेला माणूसही तो बदलू शकतो. नुसता पासवर्ड लॉक करूनही भागत नाही, कारण 'एसएसएच की' असेल तर पासवर्डशिवाय आत शिरता येतं. त्यामुळे अख्खं खातंच बंद करावं लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: सक्ती काढा. लांबलचक पासवर्ड ठेवू द्या, 'रूट'चा पासवर्ड वाटू नका आणि माणूस गेला त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा.

तुमच्या आयटीवाल्यांना आज एवढंच विचारा: गेल्या वर्षी सोडून गेलेल्यांपैकी किती जणांची खाती अजून चालू आहेत?